सगळं यूटीसीत ठेवलं तरी क्लासच्या वेळा एक तास हलल्या, ठरलेली वेळ डेटाबेसमध्ये ठेवायची कशी?

बोल_आणि_बाइट

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं एकदाच लिहितो. आम्ही तिघंजण मिळून तबला, पेटी आणि गाण्याच्या ऑनलाइन क्लाससाठी एक वेब ॲप चालवतो. शिकवणारे बहुतेक सांगली, मिरज, पुण्याचे आणि शिकणारी मुलं न्यू जर्सी, लंडन, दुबईची, थोडी इकडचीही आहेत. मागे पोस्टग्रेस (डेटाबेस), मधे नोड (सर्व्हरवरचा कोड), पुढे रिॲक्ट (पडद्यावरची पानं).

सगळीकडे एकच वाचलं होतं की वेळ कायम यूटीसीत (जगभर एकच धरलेली प्रमाण वेळ, भारताचं घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे) साठवा आणि दाखवताना युजरच्या झोनमध्ये दाखवा. तसंच केलंय. पालक बुकिंग करताना "दर शनिवारी सकाळी साडेआठ" असं निवडतात, ते यूटीसीत जातं, म्हणजे १३:३०, आणि पुढच्या सहा महिन्यांचे सगळे क्लास एकदम टेबलात तयार होतात. मिरजेच्या बाईंना संध्याकाळचे सात दिसतात, न्यू जर्सीला सकाळचे साडेआठ. हिवाळाभर कुणाची तक्रार नाही. ८ मार्चला तिकडचं घड्याळ एक तास पुढे गेलं आणि १४ तारखेच्या शनिवारी तोच क्लास तिकडे साडेनऊला दिसायला लागला. पालक म्हणतात आम्ही साडेआठच निवडले होते, साडेनऊला मुलाचं स्विमिंग असतं. बाई म्हणतात माझे सातच आहेत, मी काहीच बदललं नाही. दोघांचंही खरं आहे आणि डेटाबेसमध्येही १३:३० च आहे, मग चुकलं कुठे हेच कळेना.

याच्याच जोडीला आणखी तीन गोष्टी आहेत. एक, मागच्या वर्षी १ एप्रिलला पहाटे आलेली अमेरिकेतली फी रिपोर्टमध्ये ३१ मार्चला पडली आणि आमच्या सीएंनी ती शोधून काढली. दोन, काही मुलांची जन्मतारीख एक दिवस आधीची सेव्ह झालीये, सगळ्यांची नाही, काहींचीच. तीन, हजेरीच्या जुन्या टेबलात वेळेचा कॉलम "टाइमस्टँप विदाउट टाइम झोन" (तारीख-वेळ, पण कुठल्या झोनची ते न धरणारा प्रकार) आहे, ते आधी ऑफिसमधल्या सर्व्हरवर होतं, मग क्लाउडवर नेलं, आणि आता जुन्या नोंदी साडेपाच तास पुढच्या दिसतात. संध्याकाळी सातची हजेरी रात्री साडेबाराची दिसते.

हे सगळं एकाच दुखण्याचं आहे की वेगवेगळं? आणि आता डिझाइन बदलायचंच तर कसं बदलू?

साधं_सोपं

एवढा डोक्याला ताप करून घेऊ नका, यूटीसी बरोबरच आहे. युजरच्या टेबलात ऑफसेट (यूटीसीपासून किती तासांचा फरक) नावाचा एक कॉलम टाका, न्यू जर्सीला उणे पाच, लंडनला शून्य, दुबईला अधिक चार. मार्च आणि नोव्हेंबरला एक स्क्रिप्ट चालवायची, तेवढे आकडे बदलायचे आणि पुढचे क्लास एक तास अलीकडे घ्यायचे. आमच्या गोडाऊनच्या ॲपमध्ये सगळं यूटीसीत आहे, आजपर्यंत कधी त्रास झालेला नाही.

विदाकोठार

साधं_सोपं, तुमच्या ॲपमध्ये त्रास होणारच नाही, कारण तिथली प्रत्येक वेळ घडून गेलेली आहे. माल आला, माल गेला, बिल फाटलं. घडून गेलेली गोष्ट जगात एकाच क्षणी घडलेली असते, तो क्षण यूटीसीत टाकला की विषय संपला, पुढे कुठल्याही सरकारने घड्याळ कसंही फिरवलं तरी तो क्षण हलत नाही. बोल_आणि_बाइट यांचा क्लास अजून व्हायचाय. ती वेळ म्हणजे दोन माणसांमध्ये झालेलं ठरणं आहे आणि ठरणं कायम कुणाच्या तरी भिंतीवरच्या घड्याळावर होतं. पालकांनी "न्यू जर्सीच्या घड्याळात शनिवारी साडेआठ" असं ठरवलं होतं, तुम्ही त्यातलं "न्यू जर्सीच्या घड्याळात" एवढंच टाकून दिलंत आणि उरलेला १३:३० हा आकडा जपून ठेवलात. म्हणून डेटाबेस बरोबर दिसतो आणि क्लास चुकतो.

ऑफसेटच्या कॉलमबद्दल सांगतो, कारण हा सल्ला खूप ठिकाणी मिळतो आणि तो महागात पडतो. उणे पाच हा न्यू जर्सीचा गुणधर्म नाही, तो न्यू जर्सीचा एका विशिष्ट दिवसाचा आकडा आहे. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि बहुतेक युरोपात मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे २०२६ मध्ये अमेरिका ८ मार्चला हलली, लंडन २९ मार्चला हलणार, मधले तीन आठवडे त्या दोघांतलं अंतर पाच तासांऐवजी चार तासांचं. तुमची स्क्रिप्ट कोणत्या दिवशी चालवणार? उद्या ॲरिझोनातून कुणी नाव घातलं तर तिथे बहुतेक भागात घड्याळ हलतच नाही. सिडनीचं कुणी आलं तर ते बरोबर उलट्या दिशेने, एप्रिलमध्ये मागे आणि ऑक्टोबरमध्ये पुढे. आणि एकदा आकडा बदललात की जानेवारीत झालेला क्लास नव्या आकड्याने दाखवला जाणार, म्हणजे झालेल्या क्लासची वेळही बिघडली.

म्हणून झोनचं पूर्ण नाव ठेवायचं, अमेरिका/न्यूयॉर्क (न्यू जर्सीही यातच), युरोप/लंडन, एशिया/दुबई, एशिया/कोलकाता. या नावांमागे आयएएनएचा (इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक सांभाळणारी संस्था) टाइम झोन डेटाबेस आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, आता पॉल एगर्ट सांभाळतात, आणि कुठल्या भागात कुठल्या तारखेला घड्याळ किती हललं याची सगळी नोंद त्यात असते. लिनक्स, पोस्टग्रेस, जावा, ब्राउझर सगळे तिथूनच घेतात. हे नियम पुन्हा पुन्हा बदलतात, हा काही पुस्तकी धोका नाही. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये बहुतेक देशात घड्याळ हलवणं बंद केलं, त्याच महिन्यात जॉर्डन आणि सीरियाने कायमची उन्हाळी वेळ धरली, इजिप्तने २०२३ मध्ये बंद केलेली पद्धत परत सुरू केली, कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळा देश एकाच वेळेवर आणला. लेबनॉनमध्ये मार्च २०२३ मध्ये तर अगदी ऐनवेळी बदल पुढे ढकलला आणि काही दिवसांत तो निर्णय मागे घेतला. यातल्या कुठल्याही देशात सहा महिन्यांचे क्लास आधीच यूटीसीत गोठवून ठेवले असते तर बरेच क्लास चुकले असते, आणि दुरुस्त करायला मूळ ठरलेली वेळ हाताशीच नसती.

आता टेबलाचं. एक मालिकेचं टेबल करा, त्यात वार, स्थानिक वेळ (साधा टाइम प्रकार, झोनशिवाय), झोनचं नाव, सुरू तारीख, शेवट तारीख. हे तुमचं खरं ठरलेलं. दुसरं प्रत्येक क्लासचं टेबल, त्यात मालिकेचा आयडी, स्थानिक तारीख आणि त्यावरून काढलेली यूटीसी वेळ. रिमाइंडर पाठवणं, आता कोणता क्लास चालू आहे ते शोधणं, क्रम लावणं, सगळं त्या काढलेल्या कॉलमवर करा, तो कॉलम टाकाऊ समजा, कधीही पुसून पुन्हा काढता आला पाहिजे. मालिका आणि स्थानिक तारीख मिळून युनिक ठेवा म्हणजे पुन्हा काढताना डबल क्लास होणार नाहीत आणि हजेरी, रद्द केलेले क्लास, फी हे सगळं स्थानिक तारखेला बांधलेलं राहील.

आणि खरा प्रश्न कोडचा नाहीच. कुणाच्या घड्याळावर ठरलंय हे तुम्ही पालकांना आणि बाईंना विचारायचं आहे. एकास एक क्लास असेल तर बहुतेक वेळा मुलाचं घड्याळ धरणं योग्य, त्याची शाळा आणि स्विमिंग तिकडच्या घड्याळावर चालतं. पण मग बाईंचे सात वाजताचे उन्हाळ्यात सहा होणार, आणि सहाला त्यांचा दुबईचा किंवा सांगलीतलाच दुसरा विद्यार्थी असेल तर टक्कर. ही टक्कर बुकिंगच्या दिवशी दिसत नाही, जानेवारीत दोन्ही स्लॉट मोकळे दिसतात. म्हणून नुसती वार आणि वेळ जुळवून तपासू नका, दोन्ही मालिकांचा शेवटच्या तारखेपर्यंतचा एकेक क्लास यूटीसीत काढून तपासा. ग्रुप क्लासला न्यू जर्सी, लंडन, दुबई सगळे एकत्र असतील तर बाईंचंच घड्याळ धरावं लागेल, एशिया/कोलकाता, आणि तिकडच्यांना आधी कळवावं लागेल की अमुक तारखेपासून तुमच्याकडे वेळ बदलतेय.

रात्रपाळी_डीबीए

विदाकोठार यांनी मुख्य ते सांगितलंच, मी हजेरीच्या टेबलाचं बघतो, कारण साडेपाच तासांचा फरक दिसला की माझे हात शिवशिवतात.

पहिला गैरसमज काढा. पोस्टग्रेसमधलं "टाइमस्टँप विथ टाइम झोन" हे झोन साठवत नाही. नावावरून वाटतं तसं, पण आत फक्त यूटीसीचा क्षण असतो, आठ बाइट, आणि वाचताना तुमच्या सेशनच्या (डेटाबेसशी त्या वेळी असलेल्या जोडणीच्या) झोनमध्ये बदलून दाखवतं. "विदाउट" वाला प्रकारही आठच बाइट, पण तो भिंतीवरचे आकडे आहेत तसे ठेवतो, आणि त्याला तुम्ही "अधिक साडेपाच" लावून वेळ दिलीत तर तो ते अधिक साडेपाच मुकाट गिळतो, एरर नाही, वॉर्निंग नाही. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. नोडचा पोस्टग्रेस ड्रायव्हर (नोड आणि डेटाबेस यांना जोडणारा भाग) तारीख पाठवताना सर्व्हरच्या स्थानिक वेळेत लिहून पाठवतो. ऑफिसचा सर्व्हर भारतीय वेळेवर होता तेव्हा १९:०० अधिक साडेपाच असं गेलं, डेटाबेसने शेपूट टाकून १९:०० ठेवलं. क्लाउडचा सर्व्हर यूटीसीवर, तिथे तीच वेळ १३:३० म्हणून जाते. वाचताना ड्रायव्हर पुन्हा सर्व्हरचीच वेळ धरतो, म्हणून जुने १९:०० हे यूटीसी समजले जातात आणि पडद्यावर रात्रीचे साडेबारा. एकाच कॉलममध्ये दोन प्रकारचे आकडे बसलेत.

दुरुस्ती करताना आधी सर्व्हर बदलल्याची नेमकी वेळ पक्की करा, तारखेवर भागवू नका, त्या दिवशीच्या नोंदी दोन्हीकडच्या असतील. वाढत्या आयडीवरून सीमा शोधा. पडताळायला बाहेरचा साक्षीदार लागतो. फीच्या नोंदी असतील तर पेमेंट गेटवेकडून आलेला क्षण बहुतेक युनिक्स सेकंदांत (१९७० च्या सुरुवातीपासून यूटीसीत मोजलेले सेकंद) असतो, त्यात झोनचा घोळ नाही, त्याच्याशी त्याच मिनिटातली तुमची नोंद ताडून बघा, फरक एकतर शून्य येईल नाहीतर बरोबर साडेपाच तास. नवा "विथ टाइम झोन" कॉलम वेगळा काढा, सीमेच्या आधीच्या नोंदींना जुन्या कॉलमवर "ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता" लावून भरा, नंतरच्यांना "ॲट टाइम झोन यूटीसी" लावून. जुना कॉलम लगेच पाडू नका. आणि सरळ ऑल्टर कमांडने आहे त्याच कॉलमचा प्रकार बदलायच्या फंदात पडू नका, त्यात यूजिंग (जुनी किंमत कशी बदलायची ते सांगणारा भाग) दिलं नाही तर पोस्टग्रेस तुमच्या सेशनचा झोन धरून सगळ्यांना एकच नियम लावतो.

"ॲट टाइम झोन" दोन्ही दिशेने चालतं हे लक्षात असू दे. झोन नसलेल्या वेळेला लावलं तर क्षण मिळतो, क्षणाला लावलं तर झोन नसलेली वेळ मिळते. दोनदा लावलेलं कोड मी पाहिलंय, ते नजरेला बरोबरच वाटतं.

अजून दोन खड्डे. "आयएसटी" हे संक्षिप्त नाव कुठेच लिहू नका. पोस्टग्रेसच्या डीफॉल्ट यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ, यूटीसीच्या फक्त दोन तास पुढे. जावात तेच आयएसटी भारताचं. आणि झोन म्हणून "यूटीसी+५:३०" असं लिहिलंत तर पोस्टग्रेस ते पॉसिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाच्या पद्धतीने वाचतो, तिथे अधिक म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला, म्हणजे तुम्ही अकरा तास चुकलात. एशिया/कोलकाता लिहा, संपलं.

ताळेबंद

मी अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरवर काम करते म्हणून ३१ मार्चचं मी सांगते. यूटीसीत तारखेवर ग्रुप बाय केलं (नोंदी तारखेनुसार एकत्र केल्या) की तुमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला संपतो. भारतात रात्री बारा ते साडेपाच फारसं काही घडत नाही म्हणून इकडच्या ॲपमध्ये हे वर्षानुवर्षं लपून राहतं. तुमचे पैसे अमेरिकेतून येतात, तिकडे संध्याकाळ म्हणजे इकडे नेमकी तीच पहाट. १ एप्रिलला पहाटे तीनला आलेली फी यूटीसीत ३१ मार्चची रात्र साडेनऊ, आणि आर्थिक वर्षच बदललं.

रिपोर्टसाठी कॉलमवर फंक्शन लावून तारीख काढू नका, इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) कामाला येत नाही. सीमा काढून घ्या. मार्च महिना म्हणजे १ मार्च रात्री बारा कोलकाता ते १ एप्रिल रात्री बारा कोलकाता, पहिली धरून आणि दुसरी वगळून. क्वेरीत बिटवीन (अमुक ते तमुक, दोन्ही धरून) आणि २३:५९:५९ लिहू नका, शेवटच्या सेकंदातली नोंद निसटते.

पण पावतीबद्दल माझं मत याहून कडक आहे. पावतीची तारीख ही क्षणावरून दरवेळी काढायची गोष्टच नव्हे. ती कागदावर छापून गेली, पालकांकडे आहे, सीएंकडे आहे, जीएसटीच्या हिशोबात आहे. पावती बनते त्या क्षणी भारतीय तारीख काढून साध्या डेट कॉलममध्ये कायमची लिहा, आणि पैसे नक्की कधी आले तो क्षण शेजारच्या कॉलममध्ये ठेवा. दोन्ही लागतात. उद्या कुणी सर्व्हरची सेटिंग बदलली म्हणून छापून गेलेल्या पावतीची तारीख बदलता कामा नये.

जन्मतारखेचं कारण मला पत्त्यासकट माहीत आहे. त्या बिघडलेल्या तारखा डेटाबेसमध्ये जिथून आल्या त्या एपीआयचा (ब्राउझरकडून माहिती घेणारा सर्व्हरचा भाग) लॉग उघडा, त्यात १८:३० दिसेल. तारीख निवडणारं कॅलेंडर १२ मे रात्री बारा, स्थानिक वेळ, असं देतं. त्यावर टू-आयएसओ-स्ट्रिंग (तारीख यूटीसीतल्या अक्षरांत लिहिणारं फंक्शन) केलं की भारतातल्या माणसाचं ११ मे १८:३० यूटीसी होतं, मग कुणीतरी पहिली दहा अक्षरं कापून घेतं आणि ११ मे सेव्ह होतं. न्यू जर्सीच्या पालकांनी भरलेला फॉर्म बिघडत नाही कारण त्यांची रात्री बाराची वेळ यूटीसीत त्याच दिवशी पहाटे चार किंवा पाच होते. म्हणून काहींचीच चुकली, इकडे भरलेल्यांची आणि दुबईवाल्यांची. वाढदिवसाला झोन नसतो, वेळही नसते. डेट प्रकार वापरा आणि वर्ष, महिना, दिवस असं अक्षरांतच पाठवा, मधे डेट ऑब्जेक्ट बनवूच नका. बिघडलेल्या दुरुस्त करताना सगळ्यांना सरसकट एक दिवस वाढवू नका, फॉर्म कुठून भरला ते बघून यादी करा आणि पालकांना एकदा विचारून घ्या.

पत्रिका_मांडणी

धाग्यात मधेच घुसतेय, पण विषय जवळचा आहे. आमचं जन्मपत्रिकेचं ॲप आहे, मायएसक्यूएल या डेटाबेसवर. जन्मवेळ टाइमस्टँपमध्ये ठेवू की डेटटाइममध्ये? आणि आमच्याकडचे एक जुने ज्योतिषी म्हणतात की १९४३-४४ च्या लोकांचा एक तास वजा करावा लागतो, ते कोडमध्ये कसं घ्यायचं?

विदाकोठार

तुमचे ज्योतिषी बरोबर सांगतायत. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. "आपल्याकडे घड्याळ हलतच नाही" असं म्हणून झोन न साठवणाऱ्यांना मी हे कायम सांगतो. एशिया/कोलकाताच्या माहितीत हा काळ नोंदलेला आहे, वेगळं कोड लिहायला नको.

पण मायएसक्यूएलमध्ये जपून. टाइमस्टँप १९७० च्या आधीचं घेतच नाही आणि पुढे १९ जानेवारी २०३८ ला संपतं, त्यामुळे डेटटाइमच वापरा, जन्मदाखल्यावर आहे तशी स्थानिक वेळ, शेजारी जन्मगाव आणि झोनचं नाव. कन्व्हर्ट-टीझेड या झोन बदलणाऱ्या फंक्शनवर भरवसा ठेवू नका. झोनची टेबलं भरलेली नसतील तर ते नल (रिकामी किंमत) देतं, ते निदान कळतं तरी. १९७० च्या आधीची वेळ दिलीत तर ते काहीच न बदलता तीच वेळ परत देतं आणि तुम्हाला वाटतं बदल झाला. रूपांतर ॲपच्या भाषेतल्या लायब्ररीत करा. आणि मुंबईत जन्मलेल्या वयस्कर मंडळींना विचारून घ्या, मुंबई टाइम भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि १९५५ पर्यंत तो शहरात चालू होता, त्याचा स्वतंत्र झोन त्या डेटाबेसमध्ये नाही. दाखल्यावरची वेळ कोणत्या घड्याळाची, हा एक कॉलम तुमच्या ॲपला लागेलच.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, माझी मुलगी असाच गाण्याचा क्लास करते आणि माझं रोजचं कामही वेब ॲपचंच, तर दोन्ही बाजूंनी बोलतो.

तुमच्या ॲपमध्ये पालकांचा झोन ब्राउझरकडून घेत असाल तर तो फक्त दाखवण्यासाठी घ्या. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने पुण्याला येतो. लॅपटॉप पुण्याची वेळ दाखवतो, ते बरोबर, मला क्लास पुण्याच्या वेळेत दिसायला हवा. पण त्या दिवसांत मी काही बुकिंग केलं आणि ॲपने गुपचूप एशिया/कोलकाता धरलं तर सप्टेंबरमध्ये घरी गेल्यावर गोंधळ. बुकिंगच्या पानावर झोन ठळक लिहा, "न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दर शनिवारी सकाळी ८:३०", आणि त्याखाली "बाईंच्याकडे तेव्हा संध्याकाळी ७, ८ मार्चपासून संध्याकाळी ६". हे एक वाक्य बुकिंगच्या वेळी दिसलं असतं तर तुमच्याकडे तक्रारच आली नसती. बाईंच्या पानावरही तसंच दाखवा, त्यांना कुठल्या आठवड्यापासून लवकर बसायचंय हे दोन आठवडे आधी कळू दे. त्यांचा संध्याकाळचा स्वयंपाक, रियाज, घरचं माणूस सगळं त्या एका तासावर असतं, आपण इकडून घड्याळ फिरवतो आणि त्यांनी निमूट जुळवून घ्यायचं हे बरं नाही.

ब्राउझरकडून नाव घेताना एक गंमतशीर वाटणारी पण त्रासदायक गोष्ट. काही ब्राउझर एशिया/कोलकाता देतात, काही अजून एशिया/कलकत्ता असं जुनं नाव देतात. दोन्ही एकच, जुनं नाव नव्याला जोडलेलं आहे. पण तुमच्या ड्रॉपडाउनमध्ये एकच नाव असेल आणि कोड अक्षरं जुळवत असेल तर अर्ध्या युजरना रिकामं दिसेल. सेव्ह करताना एकाच नावावर आणून ठेवा.

कॅलेंडरचं आमंत्रण पाठवत असाल तर त्यातही झोनचं नाव घालून एकच पुनरावृत्ती पाठवा. यूटीसीत पाठवलेली दर आठवड्याची पुनरावृत्ती तुमच्या टेबलासारखीच मार्चमध्ये हलते, आणि ती तर लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसलेली असते.

साधं_सोपं

पटलं. पुढे ठरलेल्या वेळा आमच्या ॲपमध्ये नव्हत्या म्हणून त्या बाजूने विचार केला नव्हता. एक शंका, यूटीसी कॉलम पुन्हा काढायचा म्हणता तर तो कोण काढणार, पोस्टग्रेस की नोड?

रात्रपाळी_डीबीए

कुणीही काढा पण एकानेच. नोडच्या आत झोनची स्वतःची माहिती असते, पोस्टग्रेस स्वतःची किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची वापरतो, ब्राउझरची तिसरी. एखाद्या देशाने नियम बदलला की तिन्ही वेगवेगळ्या दिवशी अपडेट होतात. मी पोस्टग्रेसमध्ये काढतो, तारीख अधिक वेळ, त्यावर मालिकेच्या झोनचं "ॲट टाइम झोन", एका क्वेरीत सगळे पुढचे क्लास. झोनची माहिती अपडेट झाली की तीच क्वेरी परत चालवायची आणि ज्या क्लासची यूटीसी वेळ बदलली त्यांच्याच लोकांना मेल.

घड्याळ पुढे जातं तेव्हा पहाटे दोन ते तीन हा तास तिकडे नसतोच आणि नोव्हेंबरमध्ये एक ते दोन दोनदा येतो. क्लासला त्या वेळेत कुणी बसत नाही, पण तिकडच्या दीडला लावलेली रात्रीची कामं असतील तर ती यूटीसीवर हलवा.

बोल_आणि_बाइट

सगळ्यांचे मनापासून आभार, एका धाग्यात चारही गोष्टी सुटतील असं वाटलं नव्हतं. आज मिरजेच्या बाईंशी फोनवर बोललो. त्या म्हणाल्या एकट्या मुलाचा क्लास असेल तर सहाला बसायला माझी हरकत नाही पण मला महिनाभर आधी सांगा, आणि ग्रुप क्लास मात्र सातलाच. म्हणजे विदाकोठार म्हणाले तसंच, मालिकेच्या टेबलात झोन, एकास एक असेल तर मुलाचा, ग्रुप असेल तर बाईंचा. टक्कर तपासायचं कोड लिहून सध्याच्या मालिकांवर चालवलं तर बाईंच्याच शनिवारी सहाच्या दुबईच्या मुलाशी टक्कर निघाली. त्याच्या पालकांना आता विचारतोय पाचला चालेल का, त्यांच्याकडे साडेतीन होतात.

टेस्टसाठी कोणत्या तारखा धरू तेवढं सांगा.

रात्रपाळी_डीबीए

२०२६ चीच घ्या. ७ आणि १४ मार्च, मग २८ मार्च आणि ४ एप्रिल लंडनसाठी, २४ आणि ३१ ऑक्टोबर, आणि ७ नोव्हेंबर. शिवाय ३१ मार्चची रात्र ते १ एप्रिलची पहाट पावतीसाठी. "आत्ता किती वाजले" हे कोडने सिस्टिमला थेट न विचारता बाहेरून दिलेलं घ्यायला हवं, नाहीतर या तारखा टेस्टमध्ये देताच येणार नाहीत. आणि सगळ्या टेस्ट तीनदा चालवा, सर्व्हरचा झोन एकदा यूटीसी, एकदा एशिया/कोलकाता, एकदा अमेरिका/न्यूयॉर्क ठेवून. तिन्ही वेळी उत्तर एकच आलं पाहिजे. एखादी टेस्ट फक्त कोलकात्यातच पास होत असेल तर तिथे कुणीतरी अजून सर्व्हरच्या घड्याळावर विसंबून आहे, ती ओळ शोधा.